साडेबाराला मुलीला कोण आणणार?

नोकरी गेली की पुरुष बेकार होतो आणि बाईला सवड मिळते, हा समज मला दोन देशांत भेटला. आपल्याकडे तो नातेवाईक तोंडावर बोलून दाखवायचे. जर्मनीत तो टपालाने आला, छापील, सभ्य भाषेत, शेवटी 'स्नेहपूर्वक नमस्कार' घालून. मला नातेवाईक परवडले असते. त्यांच्याशी निदान भांडता तरी येतं.

२००९ साली आमची कंपनी बुडाली. आमची म्हणजे नवऱ्याची आणि माझी, दोघांची एकच. झिंडेलफिंगेनहून एस-बानने, म्हणजे तिथल्या लोकलने, थोडं पुढे गेलं की आमचं गाव. तिथे गाड्यांचे सुटे भाग करणारी ही मध्यम आकाराची कंपनी होती. तो डिझाइनमध्ये, मी टेस्टिंगमध्ये. माझ्या विभागात गाडीचं दार रात्रंदिवस उघडणारं आणि लावणारं एक यंत्र होतं, आणि बिजागरी कधी कुरकुरायला लागते, कधी सैल पडते, हे पाहणं माझं काम. मला ते मनापासून आवडायचं. मंदी आली, गाड्यांच्या ऑर्डरी आटल्या, आधी आठवड्याचे कामाचे दिवस कमी झाले आणि मग एके दिवशी कँटीनमध्ये सगळ्यांना बोलावून कंपनी बंद होत असल्याचं सांगितलं. आम्ही दोघं एकाच टेबलाशी बसून ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही बेकारांच्या कचेरीत नाव नोंदवायला गेलो. तिला सगळे नुसतं 'आम्ट' म्हणतात. गेलो अर्थात जोडीने. आम्ही मराठी माणसं परदेशात कुठल्याही सरकारी दारात जोडीनेच जातो. व्हिसा असो, घराची नोंदणी असो, बँक असो, फाइल बायकोच्या पिशवीत आणि बोलणार नवरा. सत्यनारायणाच्या पूजेला बायको नवऱ्याच्या हाताला हात लावून बसते ना, संकल्प सोडणारा तो आणि पुण्य दोघांना, तसंच काहीसं. त्यात काही वावगं आहे असं तोवर मलाही कधी वाटलं नव्हतं.

समोरच्या अधिकारी बाई चाळिशीच्या होत्या, गळ्यात सुंदर स्कार्फ, बोलणं मऊ. त्यांनी आम्हाला पाणी विचारलं. मग नवऱ्याला विचारलं, कुठकुठली सॉफ्टवेअर येतात, कुठल्या प्रकारचं काम हवं आहे, गाव सोडून जायची तयारी आहे का, म्युनिककडे चालेल का. तो उत्तरं देत होता आणि त्या टाइप करत होत्या. माझी पाळी आली तेव्हा मी सरसावून बसले. मनात वाक्यं जुळवून ठेवली होती, बिजागऱ्या, टेस्ट बेंच, सगळे जर्मन शब्द. बाईंनी विचारलं, मुलगी किती वर्षांची? चार, मी म्हणाले. किंडरगार्टनला जाते? जाते. किती वाजता सुटते? साडेबाराला.

"मग तिला घरी कोण आणतं?"

ज्यांना तिथली पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या काळी आमच्या भागातलं किंडरगार्टन दुपारी जेवणाच्या वेळी बंद व्हायचं. मुलांनी घरी जाऊन आईच्या हातचं गरम जेवावं, हे तिथे इतकं गृहीत होतं की आई त्या वेळी कुठे असते हा प्रश्न कोणाला पडतच नसे. आम्हा मराठी मंडळींनी त्यावर एक तोड काढली होती. आज्या. व्हिजिटर व्हिसावर सलग तीन महिने राहता येतं, मग तीन महिने बाहेर. म्हणजे तीन महिने सासूबाई, त्या परतल्या की तीन महिने माझी आई, की पुन्हा सासूबाई. आमच्या ओळखीतली निम्मी कुटुंबं अशीच चालायची. पुण्याहून दोन म्हाताऱ्या पाळीपाळीने येत होत्या म्हणून जर्मन गाड्यांची दारं वेळेवर तपासून होत होती.

पण हे कोणाला सांगायचं नाही, असा आमच्यात अलिखित दंडक होता. दर गणपतीला कोणीतरी ती गोष्ट सांगायचंच, की कोणाच्या तरी आईने विमानतळावर 'नातवाला सांभाळायला आले' असं प्रामाणिकपणे सांगितलं आणि तिला तास-दोन तास बसवून ठेवलं. ती आई कोणाची, हे कधीच कळलं नाही. तरी प्रत्येक आजीला निघण्यापूर्वी फोनवर पढवलं जायचं. विचारलं तर फिरायला आले म्हणायचं. नातवंडाचा उल्लेख करायचा नाही.

त्यामुळे बाईंनी 'कोण आणतं' विचारल्याबरोबर माझा नवरा सावध झाला. सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. मी तोंड उघडणार एवढ्यात त्याने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला आणि माझ्या वतीने उत्तर दिलं. "माइने फ्राउ." माझी बायको.

बाई माझ्याकडे बघून हसल्या, अगदी मैत्रिणीसारख्या. म्हणाल्या, मीसुद्धा अर्धा दिवसच काम करते, मुलं लहान असताना तेच बरं. आणि त्यांनी काहीतरी टाइप केलं.

बाहेर पडल्यावर नवरा विजयी मुद्रेने म्हणाला, "थोडक्यात वाचलो. आईचं नाव घेतलं असतं तर म्हणाले असते, व्हिजिटर व्हिसावर काम करतात." मला वाटलं, असेल बाबा. बेकरीत उभ्याउभ्या कॉफी प्यायलो आणि घरी आलो.

पत्रं आली ती एकाच दिवशी, दोन पाकिटांत. नवऱ्याच्या पत्रात लिहिलं होतं की तो पूर्ण दिवसाच्या कामासाठी उपलब्ध आहे आणि त्याला त्या हिशोबाने भत्ता मिळेल. माझ्यात लिहिलं होतं की मुलीच्या संगोपनामुळे मी फक्त अर्ध्या दिवसाच्या कामासाठी उपलब्ध आहे, म्हणून भत्ताही अर्धा. शिवाय मला नोकऱ्या सुचवल्या जातील त्याही अर्ध्या दिवसाच्या. टेस्टिंगमध्ये अर्ध्या दिवसाची इंजिनिअर कोणी ठेवत नाही. ते यंत्र दुपारी घरी जेवायला जात नाही. म्हणजे त्या एका वाक्याने माझ्या कामाचं दार बंद झालं होतं, आणि ते वाक्य माझ्या नवऱ्याचं होतं.

मी पत्र वाचलं आणि मला आग लागली. वाईट वाटलं, रडू आलं, असलं काही नाही. नुसता संताप. मी मुलीच्या संगोपनामुळे अर्धी, आणि तिचा बाप मात्र अखंड? एकच मुलगी, एकच साडेबारा, एकच घर. तो त्या वेळी सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसलेला असायचा.

नवऱ्याचं म्हणणं होतं की मी शांतपणे विचार करावा. "हे बघ, लॉजिकली विचार कर," तो म्हणाला. कोणातरी एकाला अर्धं व्हावंच लागणार असेल, तर तुझं अर्धं झालेलं स्वस्त पडतं, कारण तुझा भत्ता मुळातच माझ्यापेक्षा कमी आहे.

आणि तो कमी का होता? तिथे लग्न झालेल्यांना आयकराचे वर्ग निवडावे लागतात. आम्ही नवे असताना ओळखीच्या प्रत्येक घरातून एकच सल्ला मिळाला होता, नवरा तीन नंबर, बायको पाच नंबर, डोळे झाकून. त्यात नवऱ्याच्या पगारातून कर कमी कापतात आणि बायकोच्या पगारातून सपाटून. घर एकच, म्हणून कोणी बघत नाही. पण बेकारीचा भत्ता हातात पडणाऱ्या पगारावर ठरतो. बेकारीच्या विम्याचा हप्ता मात्र माझ्या अख्ख्या पगारावर कापला जात होता, वर्षानुवर्षं, त्याच्या पगारावर जात होता त्याच दराने. घेताना मी पूर्ण इंजिनिअर, देताना पाच नंबरची बायको, आणि आता त्याचीही अर्धी. आधी मला लहान करायचं आणि मग म्हणायचं, हिला कापलं तर नुकसान थोडं. त्याचं लॉजिक बिनचूक होतं, म्हणूनच मला ते फाडून खावंसं वाटत होतं.

हे सगळं मी त्याला मोठ्याने सांगितलं. सासूबाई मुलीच्या वेण्या घालत आतल्या खोलीत बसल्या होत्या, म्हणजे त्यांना अक्षरन् अक्षर ऐकू गेलं असणार.

दुसऱ्या दिवशी माझं डोकं थोडं ताळ्यावर आलं. निर्णयाविरुद्ध हरकत घेता येते, हे पत्राच्या तळाशी लिहिलेलं होतं. मी ठरवलं, झाली तेवढी लपवाछपवी पुरे. सरळ लिहायचं की दुपारी मुलीला तिच्या आज्या आणतात, तीन महिने ही, तीन महिने ती. आजीने नातीचा हात धरून घरी येणं याला काम म्हणतात असं कुठल्या कायद्यात असेल तर दाखवा म्हणावं. मी मोठ्या उत्साहाने हे सासूबाईंना सांगायला गेले. मला वाटलं, त्या खूश होतील. इतकी वर्षं चोरून केलेली त्यांची मेहनत पहिल्यांदाच कोणीतरी कागदावर लिहिणार होतं.

त्या म्हणाल्या, "माझं नाव घालू नकोस."

मला क्षणभर वाईट वाटलं. म्हटलं, आल्या ह्या मुलाच्या बाजूने. "अहो आई, व्हिसाचं काही होणार नाही, मी चौकशी केलीय," मी म्हणाले.

व्हिसाचं नाही, त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला जे सांगितलं ते लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी ऐकलं नव्हतं. त्या लग्नाआधी आणि नंतरही पुण्यात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, हे मला माहीत होतं. नोकरी 'सोडली' हेही माहीत होतं. मुलगा झाल्यावर त्या कामावर परतल्या तेव्हा वरच्या साहेबांनी विचारलं, घरी बघायला कोण आहे? त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्या म्हणाल्या, कोणी नाही. माझे सासरे, म्हणजे त्यांचे यजमान, तेव्हा साडेपाचला घरी येत आणि संध्याकाळची पाळी घेतली असती तर सगळं जमलं असतं. पण 'घरी कोण आहे' या प्रश्नाचं उत्तर नवरा असू शकतं, हे साहेबांना सुचलं नाही, सासऱ्यांना सुचलं नाही, आणि मलाही सुचलं नाही गं, असं त्या म्हणाल्या. मला कोणी काढलं नाही, राजीनामा मी माझ्या हाताने लिहिला. हे सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही.

"माझं नको आणि तुझ्या आईचंही नको," त्या म्हणाल्या. "आम्ही येतो ते नातीच्या ओढीने. ह्याची सुटका व्हावी म्हणून नाही. बाप आहे ना तिचा? त्याचं नाव घाल."

आणि त्या बोलून थांबल्या नाहीत. त्या दिवशी बारा वाजता त्यांनी बूट घातले, कोट चढवला आणि मुलाला सांगितलं की मी तळ्याला फेरी मारून येते, साडेबाराला तिला तू आण. रोजच मारणार आहे फेरी, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. डॉक्टरांनी चालायला सांगितल्याला चार वर्षं होऊन गेली होती. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी नोकरीचा अर्ज लिहीत होते आणि मान वर केली नाही.

पहिल्या दिवशी तो उशिरा पोचला. मुलगी दारात दप्तर घेऊन उभी होती आणि तिने त्याला जर्मनमध्ये झापलं. मराठी तिला सगळी कळायची, पण रागवायची ती जर्मनमध्येच. किंडरगार्टनच्या बाईंनी काळजीने चौकशी केली, आईला बरं नाही का? दुसऱ्या दिवशीही तेच विचारलं. तिसऱ्या दिवशी त्याने घरी येऊन मला सांगितलं, "त्या रोज विचारतात तू आजारी आहेस का. मी काय सांगू?" मी म्हटलं, सांग, ठणठणीत आहे. हळूहळू त्याला ते जमलं. तो शेवयांचा उपमा करायला शिकला, मुलीला तो नूडल्स म्हणून खपवायलाही शिकला. मला वाटतं त्याला ते आवडायलाही लागलं होतं, पण कबूल करायचा नाही.

मी हरकत नोंदवली आणि त्यात कारण लिहिलं, दुपारी मुलीला तिचे वडील आणतात. नवऱ्याला मात्र घाम फुटला होता. त्याची आम्टमध्ये भेट माझ्या आधी ठरली होती, त्या बाईंच्या समोरच्या खोलीतल्या एका पुरुष अधिकाऱ्याकडे. पहिल्या दिवसानंतर आमच्या फायली वेगळ्या झाल्या होत्या. मी त्याला बजावलं की तिथे तू स्वतःहून हे सांगायचंस. तो म्हणाला, अगं, मग ते मलाही अर्धा करतील. दोघंही अर्धे झालो तर घरभाडं कसं निघेल? त्याची भीती खोटी नव्हती. ती मलाही वाटत होती. पण मी म्हटलं, होऊ दे. मला तू न विचारता अर्धं केलंस, तुला मी विचारून करतेय. आणि तो गेला. तेवढा तो सरळ आहे.

तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा गोंधळलेला होता. मी विचारलं, सांगितलंस? म्हणाला, सांगितलं. मग? मग काही नाही. तो अधिकारी खुर्चीत मागे रेलला, वा म्हणाला, आजकालचे बाप किती वेगळे, मी माझ्या मुलांचं बालपण कामापायी पाहिलंच नाही, असं म्हणाला. उठून हात मिळवला. आणि उंटरश्लाइसहाइममधल्या एका पूर्ण दिवसाच्या नोकरीची जाहिरात छापून हातात दिली, म्युनिकच्या पलीकडची. तिथून साडेबाराला कोण येणार, हे त्याने विचारलंच नाही.

म्हणजे ज्या दुपारसाठी मला अर्धं केलं होतं, त्याच दुपारसाठी माझ्या नवऱ्याची पाठ थोपटली होती.

मला वाटलं होतं नवरा सुटकेने हसेल. तो आधी हसलाही. मग माझ्याकडे बघून त्याचं हसू गेलं. कोट न काढताच तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "हे बरोबर नाही गं. मी येऊ का तुझ्याबरोबर? मी सांगतो त्यांना."

मी म्हटलं, तू येऊ नको. या वेळी जोडीने नाही.

माझ्या भेटीच्या दिवशी मी एकटी गेले. त्याच बाई, तसाच सुंदर स्कार्फ, तसंच मऊ बोलणं. समोर माझी हरकत होती. त्यांनी ती वाचली आणि समजावणीच्या सुरात सांगायला लागल्या की असं नुसतं लिहून चालत नाही. दुपारी वडील मुलीला आणणार असतील, तर मग वडील पूर्ण दिवस उपलब्ध नाहीत असा अर्थ होतो. मला माझ्या सहकाऱ्याला तसं कळवावं लागेल. तुमच्या कुटुंबाचं त्यात नुकसान आहे, नीट विचार करा. त्या मला घाबरवत नव्हत्या. त्यांना खरोखरच माझी काळजी वाटत होती, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

मी म्हटलं, "कळवायची गरज नाही. तुमच्या सहकाऱ्यांना माहीत आहे. माझ्या नवऱ्याने मागच्या आठवड्यात त्यांना स्वतः सांगितलं, या समोरच्या खोलीत. त्यांनी त्याचं अभिनंदन केलं आणि त्याला पूर्ण दिवस ठेवलं. तुम्ही विचारून या. मी बसते."

बाईंनी माझी हरकत पुन्हा एकदा वाचली. मग उठल्या आणि खरंच समोरच्या खोलीत गेल्या. दार लागलं. मी बसले. खिडकीत एक रोप होतं, त्याची माती कोरडी पडली होती. मला उठून त्याला पाणी घालावंसं वाटलं आणि मी मुद्दाम घातलं नाही.

त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या गालांवर लाली चढली होती. समोर काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या खुर्चीत बसल्या, स्कार्फ नीट केला, कीबोर्ड पुढे ओढला. मग स्क्रीनकडे बघतच म्हणाल्या, "तुम्ही नशीबवान आहात. असा नवरा सगळ्यांना मिळत नाही."

"नशिबाचा हप्ता मी भरलेला नाही," मी म्हणाले. "विम्याचा भरलाय. पूर्ण दिवस लिहा."

त्यांनी लिहिलं.